कार्डावर बंदी घालायची, म्हणजे नक्की कशावर?

२३ सप्टेंबर २०२४ रोजी 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाच्या 'कमांडर' प्रकारात चार कार्डांवर बंदी आली: मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू. निर्णय घेणारी समिती पगारी नव्हती. ही हौसेने वर्षानुवर्षं नियम सांभाळणारी मंडळी. त्यांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या, की आठवड्याभरात, ३० सप्टेंबरला, हा प्रकार सांभाळायची जबाबदारी खेळ छापणाऱ्या विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली.

चार पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरून एवढं रामायण? खेळ न खेळणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. धमक्या देणं वेडेपणाचंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण 'कोणतं कार्ड बंद करावं' हा वाद मात्र वाटतो तितका पोरकट नाही. त्यात गणित आहे, पैसा आहे, आणि 'मजा म्हणजे काय' यावर कधीच न होणारं एकमत आहे.

आधी खेळ कसा असतो ते

नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटात बावन्न पानं असतात आणि ती सगळ्यांसाठी सारखीच. एक्का कितीही भारी असला तरी तो कुणाच्या हाती येईल हे पिसण्यावर ठरतं. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये मात्र प्रत्येक जण आपला कॅट घरूनच बांधून आणतो. त्याला डेक म्हणतात. बाजारात आलेल्या हजारो कार्डांतून तुम्ही तुमची साठ निवडायची, समोरच्याने त्याची. बुद्धिबळात प्रत्येकाने आपापली प्यादी-हत्ती-घोडे घरून आणावेत, तसं काहीसं.

अडचण इथेच सुरू होते. रिचर्ड गारफील्ड यांचा मॅजिक १९९३ मध्ये आला तेव्हा एकाच कार्डाच्या किती प्रती डेकमध्ये ठेवाव्यात याला मर्यादाच नव्हती. ब्लॅक लोटस हे कार्ड फुकट खेळता येतं आणि एका फटक्यात तीन मॅना देतं. मॅना म्हणजे कार्डं खेळण्यासाठी खर्चायची शक्ती, आणि ती साधारणपणे वळणागणिक एकेकाने वाढते. म्हणजे लोटस ज्याच्या हाती, तो समोरच्याच्या तीन पावलं पुढे. असे वीस लोटस भरलेला डेक पहिल्या यादीपूर्वी नियमात बसत होता! जानेवारी १९९४ मध्ये, खेळ जेमतेम पाच-सहा महिन्यांचा असताना, बंदी आणि मर्यादा घातलेल्या कार्डांची पहिली यादी निघाली. बाकी कार्डांना चार प्रतींची मर्यादाही त्याच सुमारास पक्की झाली.

आणखी एक शब्द लागेल: फॉरमॅट. कोणत्या काळातली कार्डं चालतील, हे ठरवणारा खेळप्रकार म्हणजे फॉरमॅट. मॅजिकच्या 'स्टँडर्ड'मध्ये फक्त अलीकडचे संच चालतात, जुने आपोआप बाद होतात. 'मॉडर्न'मध्ये २००३ पासूनची कार्डं चालतात, 'व्हिंटेज'मध्ये जवळजवळ सगळी. बंदी नेहमी फॉरमॅटपुरती असते. एकीकडे बाद ठरलेलं कार्ड दुसरीकडे बिनबोभाट खेळलं जातं.

'यु-गि-ओ!' या दुसऱ्या कार्डांच्या खेळात जुने संच बाद होण्याची पद्धतच नाही, त्यामुळे तिथली यादी झाडूचंही काम करते. एखादं कार्ड शून्य, एक, दोन की तीन प्रतींत चालेल, हे ती ठरवते आणि ती सतत बदलत असते. दोन कार्डं उचलू देणारं 'पॉट ऑफ ग्रीड' तिथे २००५ पासून बंद आहे. कार्डावर लिहिलंय एवढंच: दोन कार्डं उचला. खर्च काही नाही, अट काही नाही. म्हणूनच बंद.

भारी असणं हा गुन्हा नाही

नवखा माणूस विचारतो, 'सगळ्यात भारी कार्ड कोणतं? ते काढून टाका.' पण ते काढलं की दुसऱ्या नंबरचं कार्ड पहिलं होतं. मग तेही काढायचं? असं करत शेवटी दोन भोपळे समोरासमोर ठेवून खेळावं लागेल.

जलतरणातलं उदाहरण बघा. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. त्याचं श्रेय पॉलियुरेथेनच्या अंगभर पोहण्याच्या पोशाखांना दिलं गेलं, आणि २०१० पासून ते बंद झाले. पोशाख वेगवान होता हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. पण तो न घालता तलावात उतरायला अर्थच उरला नव्हता. निवड संपली होती.

कार्डांचं तसंच. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच: या कार्डामुळे काय काय नाहीसं झालं? ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेलं 'ओको' घ्या. तीन मॅनाचं कार्ड. समोरच्याच्या कोणत्याही प्राण्याला ते एल्क बनवून टाकायचं, म्हणजे एक साधं हरीण, अंगात कोणतीही खास विद्या नसलेलं. तुम्ही पाच-सहा वळणं मॅना साठवून ड्रॅगन उतरवला, तर पुढच्याच वळणाला तो गवत खाताना दिसे. हे दोन-तीनदा झालं की माणूस डेकमध्ये ड्रॅगन ठेवणंच सोडून देतो. म्हणजे ओकोने ड्रॅगनला टेबलावर हरवण्याआधी घरीच, डेक बांधताना हरवलेलं असतं. स्टँडर्डमधून ते १८ नोव्हेंबरला, दीड महिन्यात, बाद झालं. त्याची ताकद दिसत होतीच, पण खरा पुरावा होता तो लोकांच्या डेकमधून गायब झालेल्या कार्डांचा.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

'पण जिंकण्याचं प्रमाण फक्त ५३ टक्के आहे, यात काय एवढं?' हा युक्तिवाद प्रत्येक वादात येतो.

समजा, एका डेकची दुसऱ्या कोणत्याही डेकविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे आणि स्पर्धेतले ४० टक्के लोक तोच डेक घेऊन आलेत. मग त्याच्या शंभरातल्या चाळीस लढती स्वतःच्याच जुळ्या भावाशी होणार, आणि तिथे एक जिंकला की एक हरणारच: ५० टक्के. उरलेल्या साठांत ५५ टक्के. सरासरी आली ५३. गंमत अशी, की डेक जितका लोकप्रिय होईल तितका हा आकडा पन्नासकडे सरकतो. सगळ्यांनीच तो आणला, तर बरोबर पन्नास! कागदावर खेळ अगदी समतोल, आणि सभागृहात प्रत्येक टेबलावर तोच तो डाव.

यात भर म्हणजे बाकीचे साठ टक्के लोक मुद्दाम त्याच डेकला पाडायची तयारी करून आलेले असतात. सगळे टपून बसलेले असताना जो ५५ टक्के जिंकतो, त्याचं बळ ५५ च्या आकड्यापेक्षा जास्तच धरायला हवं. म्हणून जाणते लोक जुळ्या लढती वगळून उरलेला आकडा बघतात, आणि शेजारी 'किती जणांनी आणला' हेही बघतात. स्पर्धेत सध्या कोणते डेक चलनात आहेत या एकूण चित्राला खेळाडू 'मेटा' म्हणतात. वाद बहुतेक वेळा मेटाचा असतो, कार्डाचं फक्त नाव पुढे येतं.

गुन्हेगार एक, साथीदार पाच

आता खरी गुंतागुंत. एखादा डेक डोईजड झालाय हे सगळ्यांना मान्य आहे. पण त्यातलं कोणतं कार्ड काढायचं?

२००४ चं 'स्कलक्लॅम्प' जवळून बघू. हे एक अवजार. टेबलावर आणायला एक मॅना, प्राण्याला जोडायला एक मॅना. ज्याला जोडाल त्याची मारण्याची ताकद एकने वाढते, तग धरण्याची एकने घटते. आणि तो प्राणी मेला की तुम्ही दोन कार्डं उचलायची. वाचताना निरुपद्रवी वाटतं. पण ज्याची तग मुळातच एक आहे अशा फुटकळ प्राण्याला ते जोडा: तग शून्य, प्राणी जागीच गतप्राण, दोन कार्डं हातात. अवजार तसंच टेबलावर पडलेलं. आणखी एक मॅना, आणखी एक बकरा, आणखी दोन कार्डं. एरवी वळणाला एक कार्ड मिळणाऱ्या खेळात हा नळ उघडा राहिला. छपाईच्या आधी शेवटच्या टप्प्यात आकडे बदलले गेले आणि तो बदल नीट खेळून पाहिलाच गेला नाही, हे कंपनीने नंतर कबूल केलं. (वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, नाडूच्या बाबतीत हीच कबुली पुन्हा द्यावी लागली. शेवटच्या घडीला केलेला बदल, न तपासलेला. काही चुका परंपरेने चालत येतात.)

स्कलक्लॅम्प जून २००४ मध्ये स्टँडर्डमधून गेलं. पण ते ज्या डेकमध्ये सगळ्यात जास्त नांदत होतं, तो 'अफिनिटी' नावाचा, टेबलावर जितकी यंत्रं जास्त तितका बळावणारा डेक जागचा हलला नाही. त्याची मुळं दुसरीकडे होती: मॅनाही देणारी आणि यंत्र म्हणूनही मोजली जाणारी जमिनीची कार्डं. शेवटी मार्च २००५ मध्ये एकदम आठ कार्डं काढावी लागली.

याउलट २०१६ चं उदाहरण. मॉडर्नमध्ये एल्ड्राझी नावाच्या राक्षसांचा डेक बोकाळला. फेब्रुवारीतल्या प्रो टूरमध्ये, म्हणजे अव्वल खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत, पहिल्या आठांतले सहा जण तोच डेक घेऊन आले होते. राक्षस लवकर उतरायचे ते दोन जमिनींमुळे, 'आय ऑफ उगिन' आणि 'एल्ड्राझी टेंपल'. एप्रिलमध्ये बंदी आली ती फक्त आय ऑफ उगिनवर. टेंपल ठेवलं. राक्षसांना हात लावला नाही. परिणाम असा की डेक जिवंत राहिला, पण माणसात आला. मला ही बंदी आजवरच्या सर्वांत शहाण्या बंदींपैकी वाटते. इंधनाची एक नळी काढली, गाडी भंगारात नाही घातली.

'बंदी कशाला? एकच प्रत ठेवू द्या की'

वाईट सूचना नाही. साठ कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर सुरुवातीच्या सात कार्डांत त्यातलं निदान एक येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांच्या आत. व्हिंटेजमध्ये हाच मार्ग आहे. ब्लॅक लोटससुद्धा तिथे एक प्रत चालतं, आणि केवळ ताकदीपायी पूर्ण बंदी जवळजवळ कधीच येत नाही.

पण या उपायात नशिबाचा वाटा वाढतो. ज्याला ते एकुलतं एक कार्ड पहिल्या हातात आलं त्याचा डाव, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. चार प्रती असताना निदान दोघांनाही ते मिळण्याची आशा होती.

आणि कधीकधी हा उपाय चालतच नाही. २०२० मध्ये 'लरस' नावाचं एक कार्ड आलं. ते 'कंपॅनियन' जातीचं होतं. डेक ठरावीक अट पाळून बांधला, तर हे कार्ड डेकच्या बाहेर तुमची वाट बघत बसतं आणि हवं तेव्हा खेळता येतं. ते मिळणार की नाही हा प्रश्नच नाही, दरवेळी मिळणारच. मग प्रती एकवर आणून काय उपयोग? लागायची मुळात एकच. म्हणून मे २०२० मध्ये व्हिंटेजने नाइलाजाने लरसला पूर्ण बंदी घातली.

हरण्यापेक्षा ताटकळणं वाईट

काही कार्डांवरची बंदी ताकदीपेक्षा घड्याळामुळे आलेली असते. खेळाडू हे पटकन विसरतात, पण स्पर्धा भरवणारे विसरत नाहीत.

'सेन्सेईज डिव्हायनिंग टॉप' हा एक मॅनाचा भोवरा. आणखी एक मॅना दिला की डेकमधली वरची तीन कार्डं बघायची आणि हव्या त्या क्रमाने परत ठेवायची. हे कितीही वेळा, समोरच्याच्या वळणातसुद्धा. मी अशा एका डावात समोर बसलो आहे. गडी तीन कार्डं उचलतो, भुवया आक्रसतो, दोन कार्डांची जागा बदलतो, पुन्हा पूर्ववत करतो, ठेवतो. मी एक कार्ड खेळतो. 'थांब,' म्हणतो आणि तीच तीन कार्डं पुन्हा उचलतो. मघाशी काय होती ते त्याला आठवत नव्हतं असं नाही. पण बघायची सोय आहे म्हटल्यावर माणूस बघतोच. फेरीची पन्नास मिनिटं संपली, वरची पाच जादा वळणं सुरू झाली, आणि बाकीचे सगळे टेबलं आवरून आमच्याभोवती कोंडाळं करून उभे. पुढची फेरी आमच्या एका टेबलापायी अडलेली. त्याने फसवलं नाही, नियमही मोडला नाही. कार्डच तसं होतं. एप्रिल २०१७ मध्ये 'लेगसी' फॉरमॅटमधून ते गेलं तेव्हा त्याच्या जोरावर चालणाऱ्या डेकची ताकद हे कारण तर होतंच, पण हा वेळखाऊपणाही कारणांत होता.

'शहराजाद' तर त्याहून भारी. ते खेळलं की चालू डाव बाजूला ठेवून उरलेल्या कार्डांनी एक नवा डाव मांडायचा. डावात डाव! कल्पना म्हणून मला ती अतिशय आवडते. पण स्पर्धेत ते बंद आहे आणि बंदच बरं. पोकेमॉनमध्ये जून २०१५ मध्ये 'लायसँडर्स ट्रंप कार्ड' बंद झालं. दोघांचीही वापरून टाकलेली जवळजवळ सगळी कार्डं ते परत डेकमध्ये घालायचं, त्यामुळे कुणाचा डेक संपेना आणि डावही संपेना.

'तक्रार करण्यापेक्षा तोड शोधा'

हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. तोड शोधण्यातच या खेळांची निम्मी मजा आहे. आज अजिंक्य वाटणारा डेक तीन आठवड्यांनी कुणीतरी घरी बसून फोडलेला असतो. घाईने बंदी घातली तर ही संधीच जाते.

पण वाट किती बघायची? २४ एप्रिल २०१७ रोजी मॅजिकच्या कंपनीने स्टँडर्डमध्ये काहीही बदल नाही असं जाहीर केलं. नवा संच येत होता, त्यात एका कुप्रसिद्ध जोडगोळीवर उतारा निघेल अशी आशा होती. 'सहीली राय' एका प्राण्याची प्रतिकृती बनवायची, आणि 'फेलिडार गार्डियन' नावाचं मांजर तिला ताजीतवानी करून परत आणायचं. की पुन्हा प्रतिकृती, पुन्हा ताजीतवानी. चौथ्या वळणाला टेबलावर अगणित मांजरं. ऑनलाइन दोन दिवसांचे डाव बघितल्यावर आशा मावळली आणि २६ तारखेला मांजरावर बंदी आली. निर्णय बरोबर होता. पण सोमवारी ज्यांनी 'बदल नाही' वाचून कार्डं घेतली, त्यांनी बुधवारी काय म्हणावं?

'माझ्या पैशांचं काय?'

इथे मी खेळाडूंच्या बाजूने आहे, पण निम्माच.

२०२४ ची ती चार कार्डं आठवा. मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस दोन्ही महागडी, आणि दोन्ही कंपनीने आदल्याच वर्षी पुन्हा छापून नव्या संचांचं आकर्षण म्हणून मिरवलेली. शिवाय ज्वेल्ड लोटसचा मॅना फक्त 'कमांडर'वरच, म्हणजे त्या प्रकारात डेकचं नेतृत्व करणाऱ्या खास कार्डावरच, खर्चता येतो, म्हणजे एका फॉरमॅटची बंदी आली की त्याचा दुसरीकडे काहीच उपयोग नाही. एखादं कार्ड घातक आहे हे अनेक वर्षं माहीत असताना ते विकत राहायचं आणि मग बंद करायचं, यावर लोक चिडले तर नवल नाही. छापणारा एक आणि त्या वेळी बंदी घालणारा दुसरा, हे त्यांना सांगून काय होणार?

दुसरी बाजू अशी, की किंमत टिकावी म्हणून कार्ड ठेवायचं ठरवलं, तर ते ज्यांच्याकडे नाही त्यांच्या खेळाची किंमत कोण मोजणार? महाग आहे म्हणून बंदी घालू नये, आणि महाग आहे म्हणून बंदी टाळूही नये.

विकलेल्या मालाची लाज राखल्याचं एक गमतीदार उदाहरण आहे. २०११ मध्ये 'स्टोनफोर्ज मिस्टिक' स्टँडर्डमधून बाद झालं, पण कंपनीच्याच एका तयार डेकमध्ये त्याच्या दोन प्रती होत्या. मग सवलत निघाली: तो डेक पाकिटातून निघाला तसाच, एकही कार्ड न बदलता खेळलात, तर चालेल.

'मग कार्डावरचा मजकूरच बदला ना'

पडद्यावरच्या खेळांत हेच करतात. 'हार्थस्टोन'मध्ये कार्ड जड झालं की त्याचा खर्च वाढवतात किंवा जोर कमी करतात, आणि काही दिवस ते कार्ड मोडून पूर्ण मोबदला घेता येतो. कागदाला ही सोय नाही. छापलेलं कार्ड एक सांगतंय आणि नियम दुसरंच, असं झालं की टेबलावर भांडण ठरलेलं. यु-गि-ओ!मध्ये काही बंद कार्डं मजकूर बदलून परत आणली आहेत खरी, पण जुनी प्रत हातात असलेल्याला नवा मजकूर पाठ ठेवावा लागतो. मॅजिकने जून २०२० मध्ये कंपॅनियनचा मूळ नियमच बदलला: आता त्याला हातात घ्यायलाच आधी तीन मॅना मोजायचे. त्यामुळे फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हिंटेजला लरसवरची बंदी उठवता आली.

उठवण्याची भीती

बंदी घालण्यावर जेवढी चर्चा होते त्याच्या दहाव्या हिश्शानेही ती उठवण्यावर होत नाही. कारण साधं आहे. बंदी चुकली तर एक डेक मरतो आणि त्याचे चाहते रडतात. उठवणं चुकलं तर अख्खा फॉरमॅट महिनोन्‌महिने खराब होतो. म्हणून यादी वाढते, कमी व्हायला वर्षं लागतात.

मॉडर्नमधून 'स्प्लिंटर ट्विन' जानेवारी २०१६ मध्ये गेलं. आरोप असा, की त्याच्यासारखेच पण जरा वेगळे डेक त्याच्यापुढे टिकत नाहीत, म्हणजे विविधता मरते. पुढच्याच महिन्यात त्या प्रो टूरमध्ये एल्ड्राझींनी पहिल्या आठांतल्या सहा जागा घेतल्या. ट्विन असतं तर राक्षसांना रोखलं असतं का, यावर लोक पुढची कितीतरी वर्षं भांडले. डिसेंबर २०२४ मध्ये, जवळजवळ नऊ वर्षांनी, बंदी उठली. जुन्या चाहत्यांनी कपाटातून डेक काढले, बाह्या झटकल्या, स्पर्धेला गेले. तोपर्यंत बाकीची कार्डं इतकी पुढे गेली होती की ट्विनला वरच्या डेकांत जागाच मिळाली नाही.